लंगडा पाहुणा

बुन-रे चाळीस वर्षं कोरियातल्या सोचॉनच्या खाजणात शिंपल्या आणि खेकडे वेचत होती. गुडघे गेले तशी ती घरीच बसली. सप्टेंबरातल्या एका सकाळी शेजारचे निवृत्त प्यो गुरुजी तिला आग्रहानं पक्षी बघायला बांधावर घेऊन गेले.

ओहोटी लागली होती. लांब, वाकड्या चोचीचे पक्षी चिखलात चरत होते. त्यांतला एक उजव्या पायानं लंगडत होता.

"अगं बाई, हा मेला अजून आहे!" बुन-रे म्हणाली. "माझ्या पाटीतले खेकडे पळवायचा. दर वर्षी चिखलाचे गोळे मारून हाकलायची मी त्याला. राहतो कुठं हा?"

"इथला नाही, वहिनी. सायबेरियातून येतो, ऑस्ट्रेलियाला जातो. वाटेत पोटाला चार घास मिळावेत म्हणून इथं उतरतो."

बुन-रे हळूच म्हणाली, "आणि मी त्याला भरल्या ताटावरून उठवत होते, गुरुजी."

त्यानंतर ती रोज पहाटे बांधावर येऊन बसू लागली. कुणाचं कुत्रं खाजणात उतरायला लागलं, की काठी आपटायची. महिन्याभरानं एका सकाळी सगळा थवा उठला आणि दक्षिणेकडे निघाला. त्यात लंगडा कोणता, ते तिला काही केल्या ओळखता येईना.