वाचणाऱ्याने मागून जेवायचं

पास्कलभाई गेल्याचा फोन वसईहून त्यांच्या पुतणीने केला, त्याला आता दीडेक महिना होईल. शुक्रवार होता, दुबईतल्या अल मनखूलच्या आमच्या घरी मुलं-नातवंडं जेवायला जमली होती. "काका शांतपणे गेले," ती म्हणाली. मी म्हटलं, "ते सगळंच शांतपणे करायचे, बाळा." फोन ठेवल्यावर नातीने विचारलं, "दादा, हू वॉज ही?" पास्कलभाई कोण, हे मला तेव्हा एका वाक्यात सांगता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवात आमच्या घरापासून करावी लागेल. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव. बाबा गलबतावर खलाशी होते. शिडाच्या दोरात सापडून त्यांचा उजवा पंजा कामातून गेला, तेव्हापासून ते ओट्यावर बसून दुसऱ्यांची गलबतं जाता-येताना बघायचे. आई लोकांच्या घरी भात कांडायची आणि कण्या पदरात बांधून आणायची. त्या कण्यांच्या पेजेवर आम्ही भावंडं वाढलो, अख्ख्या तांदळाचा भात म्हणजे ईद. मी मॅट्रिक झालो, घराण्यात पहिलाच. गुरुजी मुद्दाम घरी आले, कॉलेजचं नाव काढलं. आई म्हणाली, "गुरुजी, घरात खाणारी तोंडं किती आहेत, बघताय ना?" गुरुजी उठले. पावसाळा सरला आणि मी मुंबईहून बोटीने दुबईला आलो, बंदरावरच्या एका गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामाला.

बर दुबईत खाडीच्या जवळ आमच्या कोकणी माणसांचं एक भाड्याचं घर होतं. मधे अंगण, भोवती खोल्या, पाणी गाढवावरून यायचं. घरातले वडीलधारे दाऊदचाचा, रायगडकडचे, लाकडी होड्या बांधणारे सुतार. दिवसभर उन्हात राबून आलेली माणसं संध्याकाळी एकमेकांवर खेकसायची. भांडी कोणी घासायची, माशाचं डोकं कोणाला, रोज तेच. अशात एके दिवशी चाचा एका उंच, सडपातळ माणसाला घेऊन आले. "हा पास्कल. वसईचा आहे, किरिस्ताव आहे, मराठी आपल्यासारखीच बोलतो. आणि मुख्य म्हणजे भांडत नाही."

पास्कलभाई तेव्हा तिशीतले. दक्षिणेतल्या एका बेनेडिक्टाइन पंथाच्या किरिस्ताव मठात साधू व्हायला म्हणून गेले होते आणि उमेदवारीचं एक वर्ष राहून परत आले होते. आमच्या घरात ही मोठीच नवलाई. तिथे काय करायचात, असं सगळ्यांनी विचारलं. ते म्हणाले, "घंटा झाली की प्रार्थना, घंटा झाली की काम. मी गाई बघायचो, स्वयंपाकघरात असायचो. दिवसातून सात वेळा प्रार्थना."

"सात?" चाचा उठून बसले. "म्हणजे आमच्याहून दोन जास्त! अरे, मग इथे कशाला मरायला आलास? तिथे तर जन्नत पक्की होती."

पास्कलभाई हसले. का आले, ते मात्र त्या दिवशी सांगितलं नाही.

त्यांनी कोणाला शिकवलं असं काही नाही. स्वतःच उठून भांडी घासायला बसले, आणि घासताना प्रत्येक पातेलं असं धरायचे की जणू दुसऱ्याची ठेव आहे. मठात तसाच नियम होता म्हणे, चमच्यालासुद्धा देवघरातल्या वस्तूसारखं वागवायचं. आठवडाभर त्यांनी घासली, मग लाजेकाजेने चाचांनी आपली पाळी लावून घेतली, आणि चाचा बसल्यावर बाकीच्यांना बसणं भागच होतं. पण खरा बदल झाला तो जेवणाच्या वेळचा. मठात जेवताना कोणी बोलत नसे, एक जण उभा राहून वाचत असे आणि बाकीचे ऐकत जेवत. "वाचणारा उपाशी?" चाचांनी विचारलं. "वाचणाऱ्याने मागून जेवायचं, स्वयंपाक करणाऱ्याबरोबर. त्यांच्यासाठी गरम राखून ठेवायचं." वाचणारा कोण, हा प्रश्नच नव्हता. घरात मॅट्रिक मी एकटा.

वाचायला काय, तर मुंबईहून कांदे-गूळ ज्यात बांधून यायचे ती मराठी वर्तमानपत्रं, मासिकांची सुटी पानं. एकदा एक गोष्ट वाचत होतो आणि नायिका आगगाडीतून उतरते तिथेच पान संपलं. सगळे हात ताटात तसेच थांबले. "पुढे?" चाचा गरजले. मी म्हटलं, "पुढचं पान दुसऱ्या कोणाच्या गुळाला गेलं असेल." "मग तू सांग की! मॅट्रिक कशाला झालास?" मी मनाने तिचं लग्न लावून दिलं, तेव्हा कुठे लोकांनी घास उचलला. भांडणं कधी थांबली ते कळलंच नाही.

सगळे उठले की आम्ही दोघं बसायचो. माझं खरं शिक्षण त्या मागच्या पंगतीत झालं. पास्कलभाई विचारायचे, आज जे वाचलंस त्याचं तुला काय वाटलं? तोवर मला काय वाटतं हे जगात कोणी विचारलेलं नव्हतं. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "मला कॉलेजात जायचं होतं." त्यांनी फक्त मान हलवली.

वर्ष होत आलं तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर विषय काढला. इब्राहीमला, म्हणजे मला, शिकायला पाठवायचं, आणि तो शिकेल तोवर त्याच्या घरची चूल आपण सगळ्यांनी मिळून पेटती ठेवायची. पण प्रत्येकाच्या मागे घर होतं, चाचांना तर लग्नाच्या मुली. मग पास्कलभाई म्हणाले, "मठातल्यासारखं करू." तिथे उमेदवाराचं वर्ष संपलं की त्याला खोलीबाहेर पाठवतात आणि प्रत्येक जण झाकल्या डब्यात एक दाणा टाकतो. पांढरा म्हणजे मठात घ्यायला होकार, काळा म्हणजे नकार. आमच्याकडे ठरलं, तांदूळ म्हणजे इब्राहीमने जावं, मिरी म्हणजे राहावं.

मी खाडीच्या काठावर जाऊन बसलो. अब्रा, म्हणजे खाडीतल्या छोट्या होड्या, माणसं भरून पलीकडे जात होत्या. नाही म्हणाले तर त्यांचं चुकलं असं मला म्हणता आलं नसतं... हाक आली तसा उठलो. डबा चटईवर उपडा केलेला होता. सगळे तांदूळ, अख्खे, आणि त्यांत एकच मिरी. सगळ्यांनी चाचांकडे बघितलं. "वल्ला, मी नाही!" चाचा म्हणाले आणि सगळे हसले. "बरं बाबा, मीच. पण एका मिरीने कालवण तिखट होतंय होय? यल्ला, इब्राहीम, ट्रंक भर." पुढे मी शिकून दुबईला परत आल्यावरही कित्येक वर्षं, चाचा असेपर्यंत, लोक त्यांना त्या मिरीवरून चिडवत राहिले.

गेल्या वर्षी वसईला जाऊन पास्कलभाईंना भेटलो. अंथरुणाला खिळले होते, पण आवाज तसाच. जुन्या गोष्टी निघाल्या, मिरीची निघाली. ते म्हणाले, "इब्राहीम, ती मिरी माझी होती."

मला वाटलं, वयाचा घोळ आहे. "तुम्हीच तर सगळं घडवून आणलंत!"

"हो. तू जायलाच हवं होतंस, आणि बाकीचे तांदूळच टाकणार हे मला माहीत होतं." मग थांबत थांबत सांगू लागले... मठात त्यांच्या वेळी सगळे दाणे पांढरे पडले होते. व्रत घ्यायच्या आदल्या दिवशी वडील गेल्याची तार आली. पाठची भावंडं लहान. मठाधिपतींनी आशीर्वाद दिला, सगळे बंधू फाटकापर्यंत आले. "सगळे फार समजूतदारपणे वागले. बरोबरच होतं त्यांचं. पण जाऊ नकोस, असं एक जण तरी म्हणेल असं मला वाटत होतं, रे. तू जाताना निदान एक दाणा तसा असावा, एवढंच."

मी म्हटलं, "आणि शिव्या चाचांनी खाल्ल्या."

"चाचा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी बघितलं होतं." पास्कलभाई हसले. "मला कधी एका शब्दाने विचारलं नाही."

आमच्या घरी शुक्रवारच्या जेवणाला अजून एक जण वाचतो. परवा नातीची पाळी होती. तिचं मराठी अडखळतं, पण तिने पान पुरं केलं, मग म्हणाली, "दादा, आय ॲम स्टार्विंग." सगळे उठल्यावर आम्ही दोघं बसलो. तिच्यासाठी राखलेला गरम भात मी तिला वाढला आणि तिने पुन्हा न विचारताच पास्कलभाई कोण ते मी सांगितलं : मला जा म्हणून सर्वांत आधी पास्कलभाईंनी सांगितलं, आणि राहा म्हणणारेही तेच एकटे. मी गेलो. बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला.