देवाकडून उसने

गाठ मला न्हाताना लागली. डाव्या छातीत, काजूच्या गराएवढी, आणि दुखत अजिबात नव्हती. तेव्हा मी लांज्याला काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. दिवसभर एकाच बाजूने बसून काहीतरी अवघडलं असेल, असं समजून मी जवळजवळ अख्खा पावसाळा काढला. गणपतीच्या कामांत एकदा जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी मला माजघरात नेलं, स्वतः हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो, ह्या बरा नाय. उद्याच रत्नांग्रीस जायाचा."

रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. माझ्याशी बोलले नाहीत, ह्यांच्याशी बोलले. "मुंबईला न्या. भात कापून मग जातो, असं करू नका."

माझे यजमान मुंबईला गिरणीत होते, पण संप लांबत गेला तसे ते गावी येऊन राहिले होते. मिल चालू होती तेव्हा दर पगारातून विम्याचे पैसे कापून जायचे. त्या कार्डावर आमच्या थोरलीच्या टायफॉइडचं सगळं औषधपाणी झालं होतं. ते कार्ड आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुंबईला नेलं. विम्याच्या दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने ते उलटसुलट करून पाहिलं.

"पैसे कापणं बंद झालंय ना तुमचं. मिल सुरू झाली की या."

"मिल कधी सुरू होणार?" ह्यांनी विचारलं.

"ते मला माहीत असतं तर माझा भाऊ घरी बसला असता का?" तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. बराच वेळ कार्ड हातात धरून बसला होता.

कॅन्सरच्या इस्पितळात जनरल वॉर्डात माझं ऑपरेशन झालं. त्याचा खर्च आम्ही कसाबसा निभावला, मंगळसूत्राची वाटी तेवढी ठेवून बाकीचं सोनं मोडून. शुद्धीवर आले तेव्हा डावीकडे नुसता बँडेजचा सपाट गोळा होता. रडू आलं नाही. आता सुटले, असंच वाटलं. पण मग डॉक्टर म्हणाले, पुढे महिन्या-महिन्याने इंजेक्शनं घ्यावी लागतील, आणि ती बाहेरून विकत आणायची. किंमत ऐकून हे बाकावरून उठून व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

इस्पितळात गरिबांना मदत मिळवून देणाऱ्या एक बाई होत्या. कॉटनचं पातळ, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बोलणं एकदम सरळ. त्यांनी आमच्याकडून घर, जमीन, मुलं सगळं विचारून घेतलं. जमीन म्हणजे भावकीच्या नावावरचा कातळच, हे त्यांना पटवायला वेळ लागला नाही. त्या बहुतेक कोकणातल्या पुष्कळ माणसांशी बोललेल्या असाव्यात.

"निम्म्याचं मी बघते," त्या म्हणाल्या. "धर्मादाय ट्रस्ट आहेत, दाते आहेत, मी मागेन. निम्मं तुम्ही उभं करा. आणि एक ऐका, सुरुवात केली की मध्ये सोडायचं नाही. त्यापेक्षा न घेतलेलं बरं."

ते निम्मं उभं करायला आम्ही गावी आलो. एरवी अडीअडचणीला आमच्या गावाचं मुंबईचं मंडळ धावून यायचं. पण मंडळातली सगळी माणसं गिरणीतली. त्या वर्षी तीच घरी बसलेली, कोणाला मागणार? कारखान्याच्या शेठने थोडे दिले. मग जाऊबाई म्हणाल्या, "देवळाचं पैसं हायत ना." सभामंडपासाठी गावाने बऱ्याच वर्षांत जमवलेले ते पैसे होते. हे ऐकायलाच तयार नव्हते. संपात एवढे हाल झाले तरी ह्यांनी कोणाकडे हात पसरला नव्हता. शेवटी थोरले दीर गावकरांकडे, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांकडे, बोलून आले. गावकर म्हणाले, पैसा देवाचा, तेव्हा देवालाच विचारू.

आमच्याकडे देवाला विचारायचं म्हणजे गुरवाने देवासमोर गाऱ्हाणं घालायचं, मग फुलांचे ओले कळे मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवायचे आणि वाट बघायची. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. सगळा गाव जमला. पुरुष पुढे, आम्ही बायका मागे खांबापाशी. मी पदर डाव्या बाजूने घट्ट ओढून बसले होते.

गुरवांनी गाऱ्हाणं सुरू केलं आणि मध्येच थांबले. "आजार कसला म्हनून सांगू?"

गावात ह्यांनी पोटाचा आजार सांगितला होता. मीच तसं सांगायला लावलं होतं. हे "पोटा..." म्हणता म्हणता अडखळले.

"देवासमोर खोटा चालायचा नाय," गुरव म्हणाले.

माझ्या शेजारून जाऊबाईंचा आवाज आला, चांगला खणखणीत. "छातीचा. आनि कापून झालाय."

पुढचे दोन-तीन पुरुष वळून बघता बघता थांबले, तेवढं मला कळलं. मला वाटलं, पैसे नकोत, मला इथून कोणीतरी उठवून न्या. जाऊबाईंनी माझ्या मनगटाला घट्ट धरलं होतं.

गुरवांनी तसंच गाऱ्हाणं घातलं. अमक्या घरची सून, छातीच्या आजाराने गांजलीय, तुझ्या मंडपाचा पैसा तिला द्यावा काय. कळे लावले. फार वेळ लागला नाही. डावा पडला.

"देवाची मर्जी नाय," गावकर हळूच म्हणाले. त्यांनाही ते आवडलं नव्हतं. माणसं उठायला लागली. मला मात्र त्या क्षणी देवाचा असा राग आला की तोवर आयुष्यात कोणाचाच आला नसेल. लग्न होऊन आल्यापासून मी त्याच्या पालखीपुढे पाणी घालत आले होते.

तेवढ्यात हे उभे राहिले. "गुरवदादा, परत विचारा."

"एकदा दिलेला कौल..."

"तो दान द्यायचा कौल होता. मला दान नको. उसनं मागा. मिल चालू होवो नाहीतर बंद पडो, मी फेडीन म्हणून सांगा."

मागून एक म्हातारा म्हणाला, "सवाल येगला हाय, इचारा." पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा कळे. ह्या वेळी काही केल्या पडेनात. समईची वात कोणीतरी पुढे सारली. माझ्या डोक्यात देव नव्हता, आजार नव्हता. धाकटीला अजून वेणी घालता येत नाही, एवढंच घोळत होतं. मग गुरव म्हणाले, "उजवा." मी बघितलंच नव्हतं.

इंजेक्शनांचे महिने कसे गेले ते मी फारसं सांगू शकत नाही. मुंबईत नणंदेच्या खोलीत मोरीपाशी पडून असायची. केस गेले. उलट्यांपेक्षा एका गोष्टीने मला जास्त छळलं: मी मेले तर देवाचं उसनं मुलींच्या माथी येईल. ह्यांना तसं म्हटलं की हे चिडायचे, "मग मरू नको." आणि खाली जाऊन बराच वेळ वर यायचे नाहीत.

शेवटच्या खेपेला मी त्या बाईंना विचारलं, तुम्ही मिळवून दिलेलं निम्मं कोणी दिलं? एकदा भेटून पाया पडेन म्हटलं.

"एका व्यापाऱ्याने. नाव सांगू नका म्हणालेत."

"का पण?"

"त्यांच्या घरात कोणीतरी गेलं ह्याच आजाराने. तुम्हाला बघून त्यांना त्रास होईल, तुम्ही बऱ्या झालात म्हणून." मग माझ्या हातांकडे बघत म्हणाल्या, "गेला की काजूच्या चिकाचा डाग. लगेच कामाला जाऊ नका हं."

मी गेलेच. दुसरं काय करणार? गिरणीत ह्यांना परत घेतलं नाही, म्हणून हे चिऱ्याच्या खाणीवर लागले, त्या लाल धुळीत. दर शिमग्याला थोडे थोडे पैसे देवळात नेऊन द्यायचे. हप्ता चुकला त्या वर्षी गावकरांनी विषयसुद्धा काढला नाही, पण हे पालखी दारात आली तरी परसात लाकडं फोडत राहिले. मीच ओटी भरली. पालखी पुढच्या घरी गेल्यावर हे आत आले, घामाने निथळत, आणि म्हणाले, "चहा टाक गो."

सगळं फिटलं तेव्हा धाकटी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. मंडप त्याच्याही नंतर झाला.