कोंबड्यांसाठी दिलेली चाबी

गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात सगळे फुलवंताला भोळी म्हणतात. मी म्हणत नाही. भोळी बाई एवढी हट्टी नसते. माझं किराणा दुकान तिच्या दारासमोरच आहे, त्यामुळे हे मी खात्रीनं सांगू शकते.

नवरा गेल्यावर ती सालेकशाकडून गोंदियात आली, राईस मिलमध्ये कामाला लागली आणि जमुनाबाईंच्या घराला लागून असलेली रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली. त्याच खोलीत तिनं मुलगी वाढवली, तिथूनच तिची पाठवणी केली. भाडं कधी थकवलं नाही. आता ती आणि तिच्या कोंबड्या, एवढाच संसार.

दरवर्षी माघात ती कचारगडच्या जत्रेला जाते. कोंबड्यांची कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, आत डब्यात असते, म्हणून जाताना खोलीची चाबी जमुनाबाईंच्या हातात देते. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं कुणाला कधी वाटलंच नव्हतं.

गेल्या वर्षी जत्रेहून परतली, तर दाराला नवं कुलूप. जमुनाबाईंच्या मुलाला, भुपेंद्रला, तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. "चाबी देल्ली म्हनजे खोली सोडली," तो म्हणाला. माझं डोकंच फिरलं. आणि ही बाई गाठोडं घेऊन ओट्यावर बसली नि मला विचारते काय, तर "कोंबड्यायनं खाल्लं का वो?" हिच्यावर चिडावं की हसावं!

तिला माझ्या घरी ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ओढतच रुची मॅडमकडे नेलं. त्या गरिबांचे खटले फुकट लढवतात. त्यांनी शांतपणे समजावलं, "घरमालकाला स्वतःहून कुलूप लावता येत नाही, वीज-पाणीही तोडता येत नाही. खोली हवी तर त्यानं कोर्टात दावा करावा. कोर्टाचा हुकूम झाला तरच तुम्हाला उठावं लागेल. लेखी करार नसला म्हणून तुमचा हक्क जात नाही. फक्त चाबी कशासाठी दिली होती, हे सांगणारं कुणी आहे का?"

चाबी हातात घेतलेलं एकच माणूस होतं, जमुनाबाई. फुलवंता उठलीच. "नाही मॅडम. मायले लेकाच्या विरोधात कायले उभी करू? खोली गेली त जाऊ द्या."

परतताना वाटभर मी तिला बोलत होते. शेवटी न राहवून मॅडम काय म्हणाल्या नि फुलवंता का उठली, ते सगळं मीच जमुनाबाईंना सांगितलं. त्या निवडत होत्या ते तांदळाचं सूप बाजूला ठेवून उठल्या आणि मुलाला दारात बोलावलं.

"भुपेंद्र, चाबी मले कोंबड्यायसाठी देल्ली होती. कोर्टानं इचारलं तरी मी हेच सांगीन. तुले खोली पायजे त वकील कर, दावा टाक. माया हातातल्या चाबीनं कोनाले बेघर करू नोको."

भुपेंद्रनं मान खाली घातली आणि कुलूप काढलं. त्या दिवशी मला जमुनाबाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढे त्यानं रीतसर दावा केला. ते बरंच झालं. त्याची गरज खरी आहे असं कोर्टाला पटलं, तर खोली जाईलही. तोवर फुलवंताला कुणी हलवू शकत नाही, आणि तारखेला ती मिलमध्ये सुटी घेऊन वेळेवर हजर असते.

यंदा माघ आला तेव्हा मी तिला बजावलं, "कोंबड्या माझ्याकडे सोड. दावा चालू आहे, चाबी कुणाला देऊ नकोस." ती "हो" म्हणाली आणि पिशवी घेऊन थेट जमुनाबाईंच्या ओट्याकडे निघाली.

"अगं, पुन्हा कशाला?" मी ओरडले.

"खोलीचं काय ते कोर्ट पाहीन," ती वळून म्हणाली. "पन चाबी नाही देल्ली त त्या माऊलीले काय वाटन?"

भुपेंद्र तिथेच गाडी पुसत होता. त्याच्यादेखत जमुनाबाईंनी चाबी पदराच्या टोकाला गच्च बांधली आणि विचारलं, "लंगड्या कोंबडीले कनकी येगळी टाकाची ना वो?"