बोर्डावरचे पंधरा

ज्या माणसांना रोज दोन-तीन तास नुसतं बसून राहावं लागतं, त्यांच्याकडे किस्से साठतातच. आम्ही अलिबाग ते धरमतर सर्व्हिस मोटार चालवणारे ड्रायव्हर. धरमतरच्या बंदरात मुंबईची लाँच यायची ती खाडीला पाणी चढलं की. तोवर आम्ही चिंचेखाली बसायचो, विड्या ओढायचो आणि एकमेकांची उणीदुणी काढायचो. त्यातले बरेच किस्से सांगण्यासारखे नाहीत. जे सांगण्यासारखे आहेत ते सगळे एकाच गोष्टीभोवती फिरतात, बोर्डावरच्या पंधरा मैलांभोवती. आणि खरं सांगू? त्यातला एक मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

आम्ही चौघं. पेझारीकडचा रामा म्हात्रे, मुरुडचे हसनमिया, गोविंदा पाटील आणि मी, म्हणजे बाबू. मोटारींचे मालक एक गुजराती शेट होते. त्यांच्या ऑफिसात वेळापत्रक नव्हतं, पंचांग होतं! तिथी बघायची, भरतीची वेळ काढायची आणि त्यावरून मोटार सोडायची.

सरकारने रस्त्यावर बोर्ड लावला होता, ताशी पंधरा मैल. लाँचवाला मात्र पाणी उतरायला लागलं की दोर सोडून मोकळा. उशीर केला तर लाँच चिखलात बसायची, म्हणून तो कोणासाठी थांबत नसे.

तेव्हा आम्ही आमचा कायदा केला. चढतं पाणी असेल तर पंधरावर पाच. उतरतं पाणी असेल तर पंधरावर दहा. याला आम्ही ‘वरचे पाच’ आणि ‘वरचे दहा’ म्हणायचो. त्याच्या वर गेला तो मात्र बेजबाबदार, असं आमचं ठाम मत होतं.

रामा म्हणायचा, “पानी उतराला लागला, आता बोर्डाला कोन बघतंय? बोर्ड काय लाँच थांबवनार हाय?”

*

वेग मोजायचा कसा, हा पुढचा प्रश्न. रामाच्या मोटारीतला मीटर कित्येक वर्षं बारावर अडकून बसला होता. मोटार उभी असली तरी बारा आणि कार्ल्याच्या खिंडीतून सुसाट खाली येत असली तरी बारा.

एकदा पोलीस इन्स्पेक्टरने त्याला पोयनाडला अडवलं. “किती वेगाने आलास?”

रामाने अदबीने आत बोट दाखवलं. “सायब, तुमीच बगा. बारा हाय.”

इन्स्पेक्टरने वाकून पाहिलं, काटा खरोखर बारावर. मग त्याच्या लक्षात आलं की मोटार तर उभी आहे! त्याने रामाकडे पाहिलं. रामा हात जोडून म्हणाला, “सायब, गारी गरीब हाय. उभी रायली तरी तिच्या जिवाला चैन न्हाय.”

इन्स्पेक्टर हसला, म्हणून रामा सुटला.

हसनमियांना मीटर लागतच नसे. ते आरशातून पॅसेंजरांच्या डोक्याकडे बघायचे. “टोपीला हात गेला की वीस. पागोट्याला हात गेला की पंचवीस. आणि दोन्ही हात दांडीला गेले, की समजायचं आता लोक अल्लाला हाक मारतायत, जरा कमी करावं!”

*

मग पोलिसांनी डोकं चालवलं. पोयनाडच्या पुढे लागोपाठच्या दोन मैलदगडांमध्ये एक मैल सरळ रस्ता होता. पहिल्या दगडापाशी एक शिपाई उभा राहून फडकं हलवायचा आणि दुसऱ्या दगडापाशी मिठागराच्या झोपडीत लपलेला हवालदार घड्याळ बघायचा. चार मिनिटांच्या आत मोटार आली की ड्रायव्हरवर खटला.

दोन दिवसांत आम्हाला तोडगा सापडला. दोन्ही दगडांच्या मधोमध एक आंब्याचं झाड होतं. तिथवर हवं तसं यायचं, झाडाखाली थांबायचं, बॉनेट उघडून उगाच आत बघायचं आणि विडी संपली की सावकाश निघायचं. पॅसेंजर ओरडायचे, “अरे, लाँच जाईल ना!” त्यांना काय सांगणार? जी मिनिटं आम्ही त्यांच्यासाठी पळवून आणली होती, ती त्याच झाडाखाली परत द्यावी लागत होती!

हवालदार पुढे शेटना म्हणाला म्हणे, “तुमच्या सगळ्या गाड्या त्या आंब्याखालीच कशा बिघडतात?”

पण हवालदाराला खरं कोड्यात टाकलं ते गोविंदाने. गोविंदाची मोटार न थांबता यायची, आणि रोज बरोबर चार मिनिटांत. हवालदाराने आठ दिवस पाहिलं. न थांबता येणारी मोटार चार मिनिटं घेईल यावर त्याचा विश्वास बसेना. शेवटी त्याने घड्याळ कानाला लावलं, हलवलं आणि अलिबागला दुरुस्तीला पाठवून दिलं.

आम्ही पोट धरून हसलो. गोविंदा हसला नाही.

*

गोविंदा पंधरा म्हणजे पंधरा चालवायचा. वरचे पाच नाहीत, वरचे दहा नाहीत. आम्ही त्याला ‘सरकार’ म्हणायचो. सरकारची स्वारी आली, सरकारला वाट द्या, असं चालायचं.

घाईतले पॅसेंजर त्याच्या मोटारीत बसायचे नाहीत. शेट चिडायचे, “अरे गोविंद, लाँच चुकी गई तो पॅसेंजर मारे माथे, माझ्या डोक्यावर! जरा पाय दाब ना, भाई!”

गोविंदा खाली बघून म्हणायचा, “शेट, अर्धा तास आधी सोडा मला. मी वेळेवर पोचवतो.”

मग शेट त्याला अर्धा तास आधी सोडायला लागले. त्याच्या मोटारीत म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि अंड्यांच्या टोपल्या. रामा म्हणायचा, “सरकारच्या गारीत अंडी घातली, तं बंदरावर कोंबरी उतरल!”

एके दिवशी मीही थट्टा केली. चिंचेखाली दोघंच होतो. म्हटलं, “गोविंदा, पाच मैलांनी काय आभाळ कोसळणार आहे रे?”

त्याने खाडीकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, “माझा भाऊ भिकू टपावर बसला होता. सामान धरून. कार्ल्याच्या वळणावर पडला. मीच चालवत होतो.” मग म्हणाला, “काटा विसावर होता, बाबू. वरचे पाचच होते.”

मी विडी पुढे केली. त्याने घेतली नाही. त्या दिवसानंतर मी त्याला सरकार म्हटलं नाही, पण रामाला आणि हसनमियांना कारण मात्र सांगितलं नाही. का सांगितलं नाही, कोण जाणे.

*

आमच्यावर खटले झालेच नाहीत असं नाही. आम्ही तिघंही अलिबागच्या कोर्टात दोन-दोन, तीन-तीन वेळा उभे राहिलो होतो. कोर्टात काय सांगायचं, हेही ठरलेलं होतं.

“किती वेगाने चालवत होतास?”

“पंधरा, साहेब.”

कोणी सोळा म्हणायचं नाही, कोणी चौदा म्हणायचं नाही. हसनमिया तर शपथ घेण्याआधीच “पंधरा” म्हणून मोकळे झाले होते! मॅजिस्ट्रेटसाहेब वैतागले. म्हणाले, “या जिल्ह्यातली प्रत्येक मोटार पंधरा मैलांनी चालते. मग माझ्या घराच्या खिडक्या कशाने हादरतात?”

कोर्टात सगळे हसले. आम्हीही हसलो. आपण किती हुशार आहोत असं वाटायचं तेव्हा.

*

त्या साली दिवाळीच्या आधी, सकाळी दहाच्या सुमाराला, गोविंदा धरमतरकडे चालला होता. समोरून मिठाची बैलगाडी आली. गाडीच्या आडून सुकटीची पाटी घेतलेला एक म्हातारा एकदम रस्त्यावर आला. त्याला कानाने ऐकू येत नव्हतं, हे मागाहून कळलं. गोविंदाने ब्रेक दाबला, मोटार शेतात घातली, तरी मडगार्ड लागलंच.

गोविंदाने त्याला उचलून मोटारीत निजवलं आणि अलिबागच्या दवाखान्यात आणलं. तेव्हाही त्याने पंधरा सोडले की नाही, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारा गेला.

गोविंदावर खटला उभा राहिला. बेदरकारपणे मोटार चालवून माणूस मारला. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग, आणि लायसन कायमचं जाणार. घरी त्याची बायको, दोन मुली आणि भिकूची बायको.

गाडीवान साक्षीत म्हणाला, “मोटार वाऱ्यासारखी आली, सायब.” बिचारा खोटं बोलत नव्हता. बैलगाडीवर बसलेल्याला कुठलीही मोटार वाऱ्यासारखीच वाटते.

हवालदारालाही बोलावलं होतं. तो म्हणाला, “गोविंदाची मोटार चार मिनिटांत यायची, साहेब. पण त्या घड्याळाचा भरवसा नव्हता. मीच ते दुरुस्तीला पाठवलं होतं.”

आमच्या साक्षीच्या आदल्या दिवशी गोविंदाच्या वकिलाने आम्हा तिघांना बोलावून घेतलं. म्हणाला, “गोविंदा पंधरा म्हणणार. पण साहेब हे पंधरा वर्षानुवर्षं ऐकतायत. तुमच्यापैकी एकाने तरी शपथेवर सांगायला हवं, की आम्ही पंचवीसने चालवतो, आणि पंधराने चालवणारा हा एकटाच. तुमची लायसनं धोक्यात येतील, ते आधीच सांगतो. पण त्याशिवाय त्याचं खरं ठरायचं नाही.”

गोविंदा बाजूला उभा होता. म्हणाला, “वकीलसाहेब, यांना जबरदस्ती नको. यांचीही पोरंबाळं आहेत.”

मी म्हणालो, “मी सांगतो. भिकूचंही सांगतो.” अगदी मनापासून म्हणालो होतो. घरी येऊन बायकोलाही सांगितलं. ती नुसती मुलांच्या ताटात भात वाढत राहिली.

*

दुसऱ्या दिवशी पहिली साक्ष माझी. मी पिंजऱ्यात उभा राहिलो. समोर गोविंदा. धुतलेला सदरा, हातात टोपी.

वकिलाने विचारलं, “गोविंदा पाटील किती वेगाने मोटार चालवतो?”

“पंधरा, साहेब. पंधराच्या वर कधीच नाही.”

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लेखणी थांबवली. “आणि तू?”

मी गोविंदाकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, टोपीची घडी नीट करत होता. पंचवीस हा शब्द माझ्या जिभेवर होता, देवाशपथ होता.

“पंधरा, साहेब,” मी म्हणालो.

साहेबांनी लिहून घेतलं. “पुढचा.”

हसनमिया आले. माझ्या बाजूने जाताना त्यांनी मान खाली घातली. “पंधरा, साहेब.”

रामा आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “पंदरा, सायब.”

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. साहेबांनी टेबलावर हात आपटला आणि गोविंदाकडे वळून म्हणाले, “पाहिलंस? सगळे पंधरा! यातलं एकही पंधरा मला खरं वाटत नाही. आता तू शेवटचं सांग. त्या सकाळी तुझी मोटार किती वेगाने होती?”

गोविंदाने मान वर केली. आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो. त्याने एकेकाकडे पाहिलं, सावकाश. रागाने नाही. धरमतरला लाँच सुटताना आपण काठावरून बघतो ना, तसं.

“पंचवीस, साहेब,” तो म्हणाला.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढला, गोविंदाकडे नीट पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

“शाबास,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत या कोर्टात खरं बोललेला तू पहिला ड्रायव्हर.”