माईकच्या दोन तारा

"आवाज आहे हो ताई. हे घ्या, कानाला लावून बघा."

"तुमच्या कानात असेल, भाऊ. माझ्या मोबाईलवर बाबा नुसतं तोंड हलवतायत. माशागत."

व्हिडिओवाल्यानं हेडफोन टेबलावर टाकला आणि डोळे चोळले. सकाळपासून तो कुणाच्या तरी निरोपसमारंभाची भाषणं कापत बसला होता. जिन्याखालच्या त्या खोलीत पंखा होता, पण त्याचा वारा त्याचा त्यालाच पुरत होता.

समोर लिलाववाल्याची लेक उभी होती. बापानं उभा जन्म भाजीबाजारात भाव पुकारले. त्यानं हाळी दिली की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसायचं. त्याच घशात गाठ निघाली. आज सकाळी ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढलं. म्हणून काल संध्याकाळी लेकीनं व्हिडिओवाल्याला घरी नेऊन म्हाताऱ्याला कॅमेऱ्यापुढं बोलतं केलं होतं. आता आवाज उरला तो तेवढाच.

"आईला ऐकवायला दवाखान्यात गेले," लेक म्हणाली. "ती म्हणते, मोबाईलमधनंपण गेला का गं?"

व्हिडिओवाल्यानं माईकची वायर हातात घेऊन उलटसुलट बघितली.

त्याचा कॅमेरा घरगुती. त्याच्या पोटातला माईक माणसाआधी पंखा ऐकायचा. म्हणून एका बंद पडलेल्या सभागृहाच्या भंगारातून त्यानं भाषणाचा मोठा माईक उचलला होता. माईकची वायर जाड, आत तीन तारा. कॅमेऱ्याचं भोक काडीएवढं. मग परवा ओट्यावर बसून त्यानं स्वतःच त्या वायरीला बारकी पिन शिशाचा डाग देऊन जोडली. बायको म्हणाली, "अहो, दूध तापवायच्या जागी शिसं काय तापवताय?" तीन तारा, पिनेवर जागाही तीनच. चपखल बसल्या. हेडफोन लावला तर आवाज खणखणीत. गडी खूश झाला.

आता त्यानं कॉम्प्युटरला एकच स्पीकर जोडला. म्हातारा मुका. उजवी बाजू बंद केली, म्हातारा बोलायला लागला. दोन्ही चालू केल्या, पुन्हा मुका.

"हात्तिच्या मारी!" तो खुर्चीत मागं रेलला.

"काय झालं?"

"तीनातली एक तार जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. उरलेल्या दोन्ही एकच आवाज आणतात, ताई. एक सुलटा, एक उलटा. मी शहाण्यानं एक डाव्या कानाला दिली, एक उजव्या. हेडफोनात कान वेगळे, तिथं निभावलं. मोबाईलला तोंड एकच. तिथं दोघी भेटल्या आणि एकमेकींना गिळून बसल्या."

"म्हणजे चूक तुमची."

"माझीच."

"काल मोबाईलवर लावून बघितलं असतं तर?"

"बघायला पाहिजे होतं."

"आणि आज निघालाच नसता आवाज, तर मी आईला काय सांगितलं असतं?"

त्यानं मान खाली घालून उजवी बाजू पुसली, डावीच दोन्हीकडं चिकटवली आणि फाईल तिच्या मोबाईलवर पाठवली. तिनं मोबाईल टेबलावर ठेवून ती लावली.

"बोला, बोला! ए मागच्या, डोकं काय खाजवतोस, भाव बोल!"

खोली दणाणली. लेक तोंडाला पदर लावून हसली, मग तशीच उभी राहिली. म्हातारा दम खायला थांबला की मागं सूं ऐकू यायचं.

"हे काय?"

"कॅमेरा. माणूस गप्प झाला की हा कान टवकारतो, मग सगळी खोली ऐकत बसतो. घासून कमी करू का? वेळ लागेल."

"नको. आई वाट बघतीय."

ती गेली. आभार मानले नाहीत, त्यानंही वाट बघितली नाही. जिन्यावरून "भाव बोल!" पुन्हा एकदा ऐकू आलं.

पाठ अवघडली होती. संध्याकाळी एका संस्थेत भाषणं होती आणि वायर हीच एक. त्यानं कात्री घेऊन पिन तोडली, तारा सोलल्या. सुलटी आता पिनेच्या दोन्ही कानांना जोडायची, उलटी जमिनीच्या तारेत पिळून टाकायची. शिसं वितळवायची सळई प्लगात लावली, ती तापेपर्यंत निरोपसमारंभातलं आणखी एक लांबलचक भाषण पुढं ओढलं आणि कापायला घेतलं.