चाळीस मिनिटांची बातमी

देवमन पेपर वाचायचा तो छापलेला जसाच्या तसा. पदरचा एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही. बाजारभाव, निधनवार्ता, खरजेच्या मलमाची जाहिरात, सगळं एकाच खणखणीत आवाजात. रिसोडहून दुपारच्या एसटीनं पेपर आला की बौद्धपुऱ्यातली माणसं झेंड्याच्या ओट्याभोवती जमत. आठवीपर्यंत शिकलेला तो एकटाच, त्यामुळे देवमननं वाचलं म्हणजे ते तसंच छापलं आहे, याबद्दल कुणाच्या मनात तिळमात्र शंका नसे. त्याला या गोष्टीचा अभिमान होता, आणि का नसावा?

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात बौद्धपुऱ्याची विहीर आटली. बाया गावातल्या सरकारी विहिरीवर जाऊ लागल्या. तिथं सरपंच मारोतरावांच्या पुतण्यानं देवमनच्या विधवा वहिनीचा, भागिरथाचा, दोर कापला आणि तिच्या पाठीत काठी घातली.

तीन दिवसांनी पेपरात आलं : "पाण्यावरून दोन गटांत बाचाबाची. सरपंचांच्या मध्यस्थीने वातावरण निवळले." देवमननं नेहमीप्रमाणे वाचलं. पाठीला हळद लावून बसलेल्या भागिरथानं विचारलं, "दोन गट कोनते, भाऊजी? मी तं एकलीच होती."

देवमनला राग आलाच, पण त्याहून मोठा किडा डोक्यात शिरला. इतकी वर्षं आपण बातम्या वाचतो. त्या मुळात तयार होतात कशा?

दुसऱ्याच दिवशी तो रिसोडला गेला. पेपराचे वार्ताहर पंजाबराव सायकलचं दुकान चालवत आणि उरल्या वेळात बातम्या लिहीत. माणूस काही वाईट नव्हता. पंक्चर काढता काढता सरळ सांगून मोकळे झाले.

"मी आल्तो ना तुमच्या गावात. दुपारच्या गाडीनं उतरलो. तेच गाडी पुढं जाऊन चाळीस मिंटात परत येते. चुकली का मंग संध्याकाळलोक बसा. सरपंचाचा ओटा स्टँडाले लागून. तेथीच चहा झाला, तेथीच हकीकत."

"अन् आमच्याकडं काहून नाई आले?"

"तुमचा पुरा नाल्यापल्याड. गाडी चुकली असती ना बाप्पा!"

हसावं की रडावं हे देवमनला कळेना. घरी आल्यावर त्यानं मास्तरांचं घड्याळ मागून आणलं आणि स्टँडपासून वहिनीच्या दारापर्यंत चालून पाहिलं. जायला सतरा मिनिटं, यायला सतरा. उरली सहा. सहा मिनिटांत भागिरथाचं सांगून झालं असतं. तिला पाल्हाळाची सवयच नव्हती.

पंजाबराव म्हणाले होते, तूच लिहून आण, मी पाठवतो. देवमननं तीन दिवस खपून बातमी लिहिली आणि आधी वहिनीला वाचून दाखवली. "असहाय भागिरथाबाईंनी निमूटपणे मार सोसला व त्या रडत घरी परतल्या."

भागिरथाच्या कपाळाला आठी पडली.

"रडत कोन आलं? अन् माही घागर कुठी गेली? म्या त्याच्या डोक्सात घागर हानली, थे काहून नाई लिवलं?"

"वैनी, थे लिवलं तं लोक म्हनतीन, तुमी बी मारलं."

"मारलंच ना! त्यानं आंधी, मंग म्या. तसंच लिव."

देवमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंजाबरावांना निदान गाडी पकडायची होती. याला तर तीन दिवस मिळाले होते, आणि वहिनी समोरच्या खोलीत होती. त्यानं कागद फाडला. दोर, काठी, घागर, जे जसं घडलं तसं पुन्हा लिहिलं आणि रिसोडला नेऊन दिलं. पंजाबरावांनी ते त्याच्यादेखत पाकिटात घालून पेपराच्या कचेरीकडे पाठवलं.

आठ दिवसांनी छापून आलं. ओट्याभोवती कधी नव्हे एवढी गर्दी. भागिरथा अगदी पुढं बसलेली. देवमननं वाचलं, "घागरीने मारहाण, एक जखमी. सरपंचांचे पुतणे विहिरीवर घागर लागून जखमी झाले. प्रकृती ठीक आहे." आणि खाली लगेच मलमाची जाहिरात.

लोक पुढचं ऐकायला थांबले होते. कागदावर नजर ठेवून सगळी हकीकत सांगितली असती, तर ती छापलेली नाही हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. शब्द ओठांवर आले होते. त्यानं ते गिळले. पेपराची घडी घातली आणि बाजूला ठेवली.

"छापलं इतकंच," तो म्हणाला. आवाज पहिल्यांदाच खणखणीत नव्हता. "आता झालं काय, थे मी सांगतो. हे पेपरात नाई."

सांगता सांगता घाईत तो काठीवर आला, तशी भागिरथानं हात वर केला.

"थांब. आंधी दोर."

देवमन मागं गेला आणि दोरापासून पुन्हा सुरू झाला.