ब्रोचमधला हिरवा खडा

एफी शेतावरची मुलगी. स्कॉटलंडमधल्या फाइफच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी कोळ्यांतच सोयरीक करायची, हा शिरस्ता वॅटीने तिच्याशी लग्न करून मोडला आणि गाव नाक मुरडून मोकळं झालं. वॅटीची आई ग्रिझेल मात्र नुसती बघायची, आणि ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

एफीने माहेरून एकच दागिना आणला होता, आईचा चांदीचा ब्रोच. कडेने लाल, पिवळे, करडे खडे आणि मधोमध वाटाण्याएवढा गडद हिरवा, त्यावर रक्ताचे शिंतोडे उडाल्यासारखे लाल ठिपके. पहिल्याच रविवारी चर्चला निघताना तिने तो शालीला लावला.

"काढ ते," ग्रिझेल म्हणाली.

"काय काढू?"

"हिरवं. या घरात हिरवी रिबीनसुद्धा येत नाही. हिरवं अंगावर असलं की नाव बुडते, आणि माझं पोर समुद्रावर जातं."

"आई, आमच्याकडे हाच खडा जखमेवर धरतात. वाहतं रक्त थांबतं."

"तुमच्याकडे गाई बुडतात का कधी? मग मला शिकवू नकोस."

वॅटी बूट चढवता चढवता हसला. "ऐक तिचं, एफी. नाहीतर आठवडाभर मला जळकी लापशी मिळेल."

एफीने ब्रोच किटलीच्या वाफेवर धरला. आतली लाख मऊ झाली आणि सुईच्या टोकाने खडा सुटून आला. "उकिरड्यात टाकला," तिने सासूला सांगितलं. तिला तो टाकवला नव्हता. लग्नाच्या आदल्याच महिन्यात तिच्यादेखत गळाने वॅटीचा हात फाटला होता, रक्त काही केल्या थांबत नव्हतं, आणि ते तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तिने त्याच्या लोकरी स्वेटरच्या काठाची दुमड उसवली, खडा आत घातला आणि शिवून टाकली. वेडी पोरगी! जीव लावला तोही माहेरच्या रीतीने.

नावा निघायच्या सकाळी वारा साफ पडला होता. पाणी तेलासारखं सपाट होतं, आणि धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांना वादळाआधीची ती शांतता मुळीच आवडली नाही. ग्रिझेल मुलाच्या स्वेटरचा काठ सारखा करायला वाकली.

"मी करते," म्हणत एफी मध्ये घुसली.

सासू तिच्याकडे बघत राहिली.  तिथेच काठ उसवून खडा काढून टाकावा असं एफीला वाटलं, पण सगळ्यांदेखत धीर झाला नाही. नाव सुटली.

दुपारी पूर्वेचा वारा उठला. सगळ्या नावा परतल्या, वॅटीची तेवढी आली नाही. पुढच्या आठवड्यात तो खडकांवर सापडला. चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. ओळख पटली ती स्वेटरच्या विणीवरून, आणि वीण ग्रिझेलच्या हातची होती.

त्याला घरी आणलं आणि बायकांनी खोली भरली. ओला स्वेटर काढताना ग्रिझेलची बोटं काठाशी थांबली. 

"काय गं, काय लागलं हाताला?" शेजारची बेथिया मान उंचावून म्हणाली.

"काही नाही. लोकरीची गाठ राहिलीय," ग्रिझेल म्हणाली आणि काठ मुठीत धरून तिने स्वेटर बाजूला ठेवला.

सगळ्या गेल्यावर तिने कात्री घेतली, टाके कापले आणि खडा एफीच्या तळहातावर ठेवला.

"बसवून घे परत," ती म्हणाली. "आता या घरातून समुद्रावर जाणारं कोणी राहिलं नाही."